आडवी धरलेली पाटी

बेलोब्रेग, १ मार्च

नेवेना,

पार्सल पोचलं. पोचून तीन आठवडे झाले, पोच मात्र आज देतो आहे. खोक्यात चिठ्ठी असेल म्हणून मी बुडबुड्यांचा कागद दोनदा उलगडून पाहिला, तळाची पट्टीसुद्धा उचकटली. नव्हती. बरं, नसू दे. सात वर्षांत नाताळच्या कार्डावर सहीखेरीज तू काही लिहिलं नाहीस, तेव्हा चिठ्ठीची आशा धरणं हा माझाच लोभ.

वस्तू सुंदर आहे. लोक तिला टॅब म्हणतात, मी पाटी म्हणतो. माझ्या आजोबांची एक पाटी माळ्यावर पडलेली असायची, तेवढीच लांबरुंद, तशीच काळी, मांडीवर घेतली की तशीच गार.

वाचनघर सांभाळणारी रायना तुला आठवते ना? तुझ्या चार वर्ग पुढे होती आणि कवितेच्या तासाला कायम खिडकीबाहेर बघायची. आता दर मंगळवारी आणि गुरुवारी ती मला शिकवायला येते. काळ कसा सूड उगवतो बघ. पहिल्याच दिवशी मी सवयीने अंगठा जिभेला लावला आणि पान उलटायला गेलो. पान हलेना. पुन्हा लावला. रायना म्हणाली, "सर, थुंकी नका लावू, ते लाजतं." मग तिने पदराने काच पुसली, म्हणजे अॅप्रनच्या टोकाने. तुझी आई पुसायची तशी.

अक्षरं सुरुवातीला खसखशीएवढी होती. तिने दोन बोटं काचेवर टेकून फाकवली, तर अक्षरं हरभऱ्याएवढी झाली, मग जर्दाळूएवढी. "आणखी, सर?" "आणखी." "आता एका ओळीत दोन शब्दसुद्धा धड मावत नाहीत." मी म्हटलं, असू दे, मला घाई नाही. मग तिने आणखी एक युक्ती केली, पांढऱ्यावरचं काळं उलटं करून काळ्यावर पांढरं केलं. नेवेना, तो फळा होता! अडतीस वर्षं ज्याच्यासमोर उभा राहिलो तो फळा, पुसून स्वच्छ केलेला, आणि वर खडूने लिहिल्यासारखी अक्षरं. मला खडूच्या धुळीचा वाससुद्धा आला. रायना म्हणते, तो तिच्या अॅप्रनला लागलेल्या पिठाचा होता.

आत एकच पुस्तक आहे. वर तुझं नाव, आणि तू माझं आडनाव सोडलेलं नाहीस. ते पाहून मी पाटी थोडा वेळ पालथी घालून ठेवली.

पत्रातली अक्षरं एवढी मोठी कशी, असं तुला वाटेल. टपालकचेरीशेजारच्या दुकानात जाड शाईचंच पेन होतं, म्हणून. रायनाने तुला माझ्याबद्दल काही कळवलं असेल तर तिच्या बोलण्यावर जाऊ नकोस. ती लहानपणापासून वाढवून सांगते.

आज लाल-पांढरा दोरा बांधायचा दिवस. माझ्या मनगटाला रायनाने बांधला, पहिला करकोचा दिसेपर्यंत काढायचा नाही. एक तुझ्यासाठी पत्रात घालतो. लिंझला करकोचे येतात का, मला ठाऊक नाही. नाही आले तर पहिलं फुललेलं झाड दिसेल त्याला बांध. नदी तर आपली एकच आहे, पाणी आधी तुझ्या पुलाखालून जातं आणि मग माझ्याकडे येतं. बातमी मात्र येत नाही.

तुझे वडील,
दोब्री


१४ मार्च

नेवेना,

आज पहिली कविता वाचली. स्वतःच्या डोळ्यांनी, कुणाची मदत न घेता. रायना वाचून दाखवते म्हणाली होती, मी नको म्हटलं. हे पुस्तक मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही. एवढी एकच गोष्ट मी या वर्षासाठी ठरवली आहे. एकेचाळीस कविता आहेत, एकेचाळीस वाचीन.

आता ऐक, कारण हे मी तुला कधी म्हटलेलं नाही. कविता चांगली आहे.

तुला आठवत असेल, तू सतरा वर्षांची असताना वहीत लिहिलेलं मला दाखवलं होतंस, आणि मी म्हटलं होतं की ही कविता नव्हे, हे तुकडे केलेलं गद्य आहे. यमक नाही, मात्रा नाहीत, ओळ हवी तिथे तोडली आहे, आळशी माणूस पाव तोडतो तशी. आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती की पाव तोडलेला असला म्हणून कमी लागत नाही. तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

आज पाटीवर या ओळी आल्या:

तू दाराशी
उभी
राहून
म्हणालीस
परत
कधी
येशील

नेवेना, 'परत' एकटा. 'कधी' एकटा. 'येशील' एकटा. मी पेन्सिलने टेबलावर ठोके देत वाचलं, वर्गात द्यायचो तसे, आणि मला कळलं की तू आईचा श्वास लिहिला आहेस. शेवटच्या वर्षी ती दाराच्या तीन पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीवर थांबायची. एका पायरीवर एक शब्द. प्रश्नचिन्ह नाही दिलंस, पण आज तेही माफ. आणि तिथेच थांबलीस. उत्तर नाही. तिने विचारलं आणि कविता संपली.

मी तुला शाळेत कधी सहा गुण दिले नाहीत. सहापैकी पाच, नेहमी पाच. स्वतःच्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून, असं मी आईला सांगायचो. आज सहा देतो. पूर्ण सहा.

आणि तिने विचारलं तेच मीही विचारून घेतो, एवढ्या ओघात. परत कधी येशील?

दोब्री


२८ मार्च

नेवेना,

काल पाटी उघडली तर तुझ्या पुस्तकाच्या शेजारी आणखी एक पातळ पुस्तक उभं. रायना म्हणाली, पाटी तुझ्याच नावावर आहे, तू तिकडे काही ठेवलंस की ते इथे येतं. नाव होतं 'बाबांसाठी'. ते उघडायला मला तीनदा टिचकी मारावी लागली.

तू लिहिलं होतंस:

"ओळी मी तोडलेल्या नाहीत. अक्षरं मोठी केली की पाटी तोडते. कविता तिथे संपतही नाही. पान भरलं की बोट खालून वर सरकवा, उरलेलं दिसेल. सारखं सरकवायचा कंटाळा आला तर सेटिंगमध्ये पान-पान ऐवजी सलग निवडा. नेवेना."

रायनाने सरकवून दाखवलं. मग बोटं चिमटीत आणून अक्षरं लहान केली, इतकी की मला नुसती मुंग्यांची रांग दिसत होती, आणि म्हणाली, "सर, ही अख्खी एक ओळ आहे," आणि मी अडवायच्या आत वाचून टाकली. तू दाराशी उभी राहून म्हणालीस परत कधी येशील ते सांगू नकोस सांगितलं की वाट बघावी लागते.

म्हणजे तिने विचारलंच नव्हतं. ती सांगू नकोस म्हणत होती.

मी हसलो. रायनाही हसली. मग ती चहा ठेवायला गेली आणि मी हसायचा थांबलो. दहा पानं भरून मी तुझ्या ओळींचं कौतुक केलं आणि त्या ओळी एका काचेने तोडलेल्या होत्या. आयुष्यात एकदा सहा गुण दिले तेही यंत्राला.

तुझ्या पानावर तू मला 'तुम्ही' म्हटलं आहेस. शाळेत म्हणायचीस तसं. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की लगेच 'तू' व्हायचं. हे पान शाळेतलं आहे, मला समजलं. पण माझी वस्तू तू पाटीच म्हटलीस, हेही मी पाहिलं.

ओळी तोडण्यावरून आठवलं, आठवायचं नव्हतं तरी. आईच्या शोकपत्रकाचं, फाटकावर लावलेल्या. तू तेव्हा लिंझहून फोनवर आईसाठी चार ओळी सांगितल्या होत्यास आणि त्या छापल्या गेल्या नाहीत. त्या लांब होत्या, नेवेना. मेतोदीच्या छापखान्यातला साचा तुला माहीत आहे, वर क्रूस, मध्ये फोटो, खाली चार बोटं जागा. तुझ्या ओळी त्यात बसल्या नाहीत. हे मला तुला तेव्हाच सांगायचं होतं, पण तू बॅग घेऊन फाटकाशी आलीस, फाटकावरचा कागद वाचलास आणि मग दफनभूमीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. संध्याकाळच्या बसने गेलीससुद्धा.

पाटी आता सलग आहे. बोट सरकवलं की ओळी नदीसारख्या वर जातात.

दोब्री


१७ एप्रिल

नेवेना,

तुझं दुसरं पान मिळालं. "पाटी आडवी धरा. फिरली नाही तर वरून खाली बोट ओढा, कुलपाचं चित्र दिसेल, ते उघडा. आडव्यात ओळ लांब बसते." एवढंच. औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखं. मी ते चार वेळा वाचलं.

कुलूप सापडायला आठवडा लागला. सापडल्यावर पाटी आडवी केली आणि कविता एक गिरकी घेऊन माझ्याकडे वळली, जशी हाक मारल्यावर तू अंगणात वळायचीस. अक्षरं जर्दाळूएवढीच, पण आता ओळीत दोन-तीन शब्द मावतात. फक्त एका वेळी तीनच ओळी दिसतात, म्हणून सरकवणं वाढलं. माझं बोट जाड आहे, एक ओळ हवी असली तर सहा पळतात. मग रायनाने पाटी आपोआप सरकायला लावली.

पहिल्या दिवशी ती अशी पळाली की मी वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखा मागे राहिलो. वेग कमी केला. तरी जास्त. अगदी एकवर आणला. तरी 'उंबरठा' वाचून होईपर्यंत उंबरठा वर निघून गेलेला. रायना म्हणाली, "सर, याच्या खाली नाही." मी तुला पोस्टकार्ड टाकलं त्याचं उत्तर परवा आलं: "याच्या खाली अर्धा आहे. एकच्या आकड्यावर बोट दाबून धरा." तू एवढं सगळं शोधून ठेवलं आहेस. तिकडे लिंझमध्ये बसून तू तसलीच एक पाटी हातात घेऊन हळू, आणखी हळू करून पाहिलं असशील का? विचारत नाही. नुसतं मनात आलं ते लिहिलं.

अर्ध्यावर ठेवून मी काल अठरावी कविता वाचली. आणि मला तुझी ओळ ऐकू आली. वाचली म्हणत नाही, ऐकू आली. ओळ संपेना. श्वास घ्यायला जागा शोधत होतो आणि तू ती दिली नव्हतीस. पेन्सिलचे ठोके चुकायला लागले, मी पेन्सिल खाली ठेवली. हे कुणाचं बोलणं आहे, कुणाचं आहे, असं करता करता एकदम तुझी आई समोर बसली, माझी पेन्का. द्राक्षीच्या मांडवाखाली, मांडीवर पातेलं, शेंगा सोलते आहे आणि बोलते आहे. शेजारणीच्या सुनेपासून सुरू करून नदीच्या पुरापर्यंत, मध्ये पूर्णविराम नाही. मी तिला म्हणायचो, बाई, एखादा स्वल्पविराम तरी दे. ती म्हणायची, तुझ्या वर्गात दे तू.

म्हणून ओळी लांब आहेत. चोवीस वर्षं तू लिहिते आहेस आणि मला आत्ता कळलं.

काल करकोचाही पाहिला, जुन्या गिरणीच्या धुराड्यावर. खरं सांगायचं तर करकोच्याकडे बघून करकोचा दिसला नाही. धुराड्याच्या बाजूच्या आभाळाकडे बघितलं तेव्हा कडेला दिसला. हल्ली असंच आहे. ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलेलं असतं, आजूबाजूचं सगळं असतं. दोरा जर्दाळूला बांधला. ते पुसलेल्याचं वाक्य मी खोडणार होतो, पण एवढ्या जाड पेनाने खोडलं तर पान वाया जातं.

बाबा


६ मे

नेवेना,

एकेचाळिसावी कविता लागली.

आधी दुसरं सांगतो. पेनाचं खोटं होतं. दुकानात बारीक पेनंही होती. डोळ्याच्या मधोमधचा ठिपका झिजतो आहे, दोन्ही डोळ्यांत. प्लेवेनचा डॉक्टर भला माणूस आहे, म्हणाला, कडेचं दिसत राहील, तुम्ही वाटेत कुठे धडपडणार नाही. मी विचारलं, वाचणं? तो म्हणाला, शरदापर्यंत धरून चाला. आता पाटीवर अक्षर सगळ्यात मोठं आहे. आडवी धरूनही एका वेळी एक-दोन शब्द. तेही सरळ बघून नाही, जरा वरच्या कोपऱ्याकडे बघत, चोरून बघितल्यासारखं. रायना खोटं बोलली नव्हती.

तर एकेचाळिसावी. नाव 'फाटकासाठी'. पाटी अर्ध्या वेगाने सरकत होती. 'गेली'. मग 'म्हणू नका'. मग 'ती अजून'. मग 'शेंगा'.

'शेंगा' वर मी पाटी थांबवली. ती ओळ मला पाठ आहे, नेवेना. सात वर्षांपूर्वी मी ती कागदावर उतरून घेतली होती, फोनवर तू सांगत होतीस आणि रडत होतीस.

साच्याचंही खोटं होतं. मेतोदी म्हणाला होता, दोब्री, अक्षर बारीक करतो, बसेल. मीच नको म्हटलं. शोकपत्रक फाटकावर लागणार, वाचनघराच्या दारावर, शाळेसमोरच्या बसथांब्यावर. माझे जुने सहकारी वाचणार, इन्स्पेक्टर वाचणार, आणि म्हणणार, मास्तरांच्या घरात यमकाचं काय झालं? म्हणून मी तुझा कागद घडी करून कोटाच्या खिशात घातला आणि मेतोदीच्या काउंटरवरच उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या. माझ्या. अंत्ययमक जुळलेलं, मात्रा बोटांवर मोजलेल्या. बायको घरात निजलेली आणि मी बोटांवर मात्रा मोजत होतो. लोकांनी थांबून थांबून वाचल्या. दोघांनी उतरूनही घेतल्या. तू बॅग खाली ठेवून वाचलंस तेव्हा मी खिडकीत उभा होतो, आणि मला वाटत होतं, हिलाही आवडतील.

सांगून झालं. माफी हा शब्द लिहून पाहिला, पण या अक्षरात तो फार मोठा दिसतो आणि नाटकी वाटतो.

शेवटची कविता मी दोन दिवस वाचत होतो. पूर्ण वाचली. एकेचाळीस झाल्या.

१९ तारखेला सात वर्षं होतील.

बाबा


२० मे

नेवेना,

तुझ्याकडून पान आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तरी काय झालं ते सांगतो, कारण ते तुझं आहे.

गेल्या आठवड्यात सातव्या वर्षाचं शोकपत्रक छापून घ्यायला पाटी काखेत मारून मेतोदीकडे गेलो. तो आता माझ्याएवढाच म्हातारा आहे, पण छापखाना सोडत नाही. म्हणाला, "पेन्काचं सातवं ना? मागच्याच ओळी घालतो, सुंदर आहेत, माझ्याकडे ठेवल्या आहेत." मी म्हटलं, त्या काढून टाक, आणि त्याच्यापुढे पाटी ठेवली. त्याने चष्मा वर करून वाचलं. मग म्हणाला, हे बसायचं नाही, अक्षर बारीक करावं लागेल.

"बारीक नको. मला वाचता आलं पाहिजे."

"मग ओळी तोडतो."

"तोडायच्या नाहीत."

"दोब्री, कागद रबराचा नाही."

"कागद आडवा कर."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात मी नापास पोराकडे बघायचो. म्हणाला, "आडवा? माझ्या बापापासून इथे एक शोकपत्रक आडवं छापलेलं नाही. मेलेल्या माणसाला आडवं कोण छापतं?"

"मेलेलं माणूस आडवंच असतं, मेतोदी."

तो हसला, मग आपण हसलो याची लाज वाटून त्याने छातीवर क्रूस काढला, आणि मग पुन्हा हसला. पेन्काला हे आवडलं असतं म्हणाला. त्याने सगळ्यात मोठा कागद काढला, जत्रेच्या जाहिरातीसाठी ठेवलेला. फोटोसाठी तो शाळेच्या निरोपसमारंभातला मागत होता, तोंड मिटलेला. मी शेंगा सोलतानाचा दिला, तू काढलेला. त्यात तिचं तोंड उघडं आहे आणि एक डोळा अर्धा मिटलेला. मेतोदी कुरकुरला, पण त्याने तो डावीकडे लावला आणि तुझ्या ओळी उजवीकडे, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक ओळ एका दमात:

गेली म्हणू नका ती अजून शेंगा सोलता सोलता बोलते आहे आणि पातेलं भरल्याशिवाय थांबायची नाही
शेजारणीचं जर्दाळूचं नदीच्या पाण्याचं माझ्या न विंचरलेल्या केसांचं सगळं एकाच श्वासात
ज्याला घाई असेल त्याने पुढे जावं ज्याला नसेल त्याने फाटकाशी जरा टेकावं
ती मधेच थांबली असं वाटलं तर समजा तिने फक्त पुढची शेंग उचलली आहे

खाली तुझं नाव घातलं. फक्त तुझं.

काल सकाळी रायनाने आणि मी मिळून कागद फाटकावर डकवला. फाटकाच्या दोन्ही झडपांवर मिळून बसला, म्हणून आता फाटक उघडता येत नाही, मी मागच्या भिंतीतल्या दारातून ये-जा करतो. वाचनघरात आईच्या नावाने उकडलेले गहू वाटले, साखर घालून, तिच्याच मापाने. परत आलो तर समोरची त्सोना पिशवी घेऊन फाटकाशी उभी. म्हणाली, "मास्तर, यमक कुठे गेलं? मागचं मला पाठ होतं." ती मोठ्याने वाचायला लागली. पहिल्या ओळीत तिचा दम संपला. तिने पिशवी खाली ठेवली, पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या ओळीला ती खरोखरच फाटकाला टेकली. वाचून झाल्यावर तिने शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "अगदी अशीच बोलायची हो," आणि आपली पिशवी तिथेच विसरून गेली.

रायनाने फोनवर फोटो काढला. तुला पाठवला की नाही, मी विचारलं नाही.

बाबा


२७ मे, मंगळवार

नेवेना,

हे पत्र तुझ्या लिंझच्या घरी पोचेल तेव्हा तू तिथे नसशील. पोचू दे. लिहायची सवय लागली आहे.

आज रायना यायच्या आधीच मी पाटी उघडली होती. पातळ पुस्तकात नवीन पान होतं. अक्षर सगळ्यात मोठं, पाटी आडवी, वेग अर्धा. मी कोपऱ्याकडे बघत बसलो आणि तुझे शब्द खालून एकेक वर यायला लागले:

"बाबा, फोटो पाहिला. डिंक तू फक्त मध्ये लावला आहेस, कोपरे सुटतील. आणि फाटक उघडायला लागेल, कागद मधोमध कापू नकोस, मी आल्यावर दोन्ही झडपा काढून एकच करू. येते"

इथे पाटी भरली. पुढे काही दिसेना. पूर्वी मी इथेच थांबलो असतो आणि पत्र लिहून बसलो असतो. आता मला ठाऊक आहे, थांबायचं नसतं. मी काचेला हात लावला नाही. अंगठाही जिभेला लावला नाही. पाटी आपल्या वेगाने सरकली आणि खालून एक शब्द आला, एकटा, सबंध काळ्या फळ्यावर एकच:

शनिवारी

रायना आली तेव्हा मी तिला दाखवलं. तिने बोटं पुढे केली, म्हणाली, लहान करते सर, मग सगळं एका ओळीत येईल. मी पाटी छातीशी धरली. तो शब्द तू तोडलेला नाहीस, पाटीने तोडला आहे, हे मला पक्कं माहीत आहे. तरी तो तसाच राहू दे म्हटलं.

आईचं ऐकलं नाहीस. दिवस सांगितलास. आता चार दिवस वाट बघावी लागणार.

बाबा